चेकडिस्क चालवूनही बॅड सेक्टर पुन्हा पुन्हा येतात तेव्हा काय करायचं

तक्रार साधारण अशी असते. एखादं फोल्डर उघडताना संगणक मिनिटभर गोठतो. मोठी फाइल कॉपी करताना पट्टी एका जागी अडकून बसते आणि शेवटी फाइल वाचता आली नाही असा संदेश येतो. कधी विंडोज सुरू होतानाच डिस्क तपासायला बसते. मग कुणीतरी सुचवतं म्हणून चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधलं डिस्क तपासण्याचं साधन, चालवली जाते. ती काही तास घेते, अमुक इतके किलोबाइट खराब सेक्टरमध्ये (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा डेटा ठेवण्याचा छोटा कप्पा) आहेत असं सांगते, आणि थोडे दिवस सगळं सुरळीत चालतं. नंतर पुन्हा तेच गोठणं, पुन्हा चेकडिस्क.

हे चक्र थांबत नाही याचं कारण असं की चेकडिस्क डिस्क दुरुस्त करतच नाही. ती फक्त खराब जागेवर 'इकडे फिरकू नका' अशी खूण करते. डिस्कची स्वतःची दुरुस्तीची व्यवस्था वेगळी असते, आणि या खुणेमुळे त्या व्यवस्थेला काम करण्याची संधीच मिळत नाही. ते कसं, हे पुढे सविस्तर येईलच. पण त्याआधी एक गोष्ट करायची आहे आणि ती टाळून पुढे जाऊ नये.

आधी डेटा, मग निदान

डिस्कवरच्या महत्त्वाच्या गोष्टींची दुसरीकडे प्रत नसेल, तर चेकडिस्क, फॉरमॅट, डीफ्रॅग किंवा खराब सेक्टर 'बरे' करून देण्याचा दावा करणारं सॉफ्टवेअर, यातलं काहीही आत्ता चालवू नका. चेकडिस्कला स्लॅश आर हा पर्याय दिला की ती पार्टिशनमधली प्रत्येक जागा वाचत सुटते, रिकामीसुद्धा. डिस्क खरोखर खचत चालली असेल तर तिचे उरलेले तास रिकाम्या जागा वाचण्यात जातात. शिवाय चेकडिस्क नुसती बघत नाही, ती लिहितेही. फोल्डरची नोंद ज्या सेक्टरमध्ये होती तोच वाचता आला नाही, तर त्या फोल्डरमधल्या फाइल अनाथ ठरतात आणि नाव हरवलेल्या तुकड्यांच्या रूपात वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊन पडतात. त्यातून मूळ रचना परत उभी करणं फार कष्टाचं आहे, आणि पुष्कळदा ते जमत नाही.

डिस्क अजून उघडत असेल तर साधी कॉपी करा, पण क्रम नीट ठरवून. पुन्हा कुठूनही मिळणार नाही ते सगळ्यात आधी: स्वतः काढलेले फोटो, लिहिलेले मजकूर, हिशेबाच्या फाइल. डाउनलोड केलेले चित्रपट आणि इन्स्टॉल करता येणारी सॉफ्टवेअर शेवटी किंवा कधीच नाही. एखाद्या फाइलवर कॉपी अडकली तर तिच्याशी झटत बसू नका. ती सोडून पुढचं उचला, तिच्याकडे नंतर बघता येईल.

साधी कॉपी वारंवार अडकत असेल तर फाइल-फाइल करून उपयोग नाही. मग पूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे सेक्टरनिहाय जशीच्या तशी प्रत, काढायची. यासाठी माझा कौल निःसंशय डीडीरेस्क्यू या मोफत साधनाला आहे. लिनक्सच्या लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सने, संगणक सुरू करा, म्हणजे आजारी डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टीम काही लिहीत राहणार नाही. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत या पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे. नावाने जवळचं असलेलं डीडी-अंडरस्कोर-रेस्क्यू हे वेगळं साधन आहे, ते घेऊ नका. डीडीरेस्क्यूचं वैशिष्ट्य असं की ते आधी सहज वाचता येणारा सगळा भाग उचलतं, अडलेल्या जागा नोंदवून ठेवतं आणि त्यांच्याकडे नंतर वळतं. पहिली फेरी डॅश एन या पर्यायाने घ्या, म्हणजे हट्टी जागा खरवडण्याचं काम ते तूर्त टाळतं. पहिली फेरी संपल्यावर डॅश डी आणि डॅश आर तीन देऊन उरलेल्या जागांवर तीन वेळा प्रयत्न करा. ही नोंद ज्यात राहते ती मॅप फाइल प्रत्येक वेळी द्या, आणि ती आजारी डिस्कवर ठेवू नका. मध्येच वीज गेली किंवा डिस्क गायब झाली, तरी या मॅप फाइलमुळे काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. आज्ञेत आधी मूळ डिस्क येते आणि नंतर नवी. हा क्रम उलटा झाला तर रिकाम्या डिस्कची प्रत भरलेल्या डिस्कवर उमटेल, म्हणून एंटर दाबण्याआधी दोन्ही डिस्कचे आकार आणि सिरियल क्रमांक जुळवून पाहा.

डिस्कमधून ठराविक लयीत टकटक आवाज येत असेल, ती फिरायला लागून पुन्हा थांबत असेल, बायोसमध्येच दिसत नसेल किंवा पडल्यानंतर बिघडली असेल, तर यातलं काहीच करू नका. वीज बंद करा. अशा अवस्थेत दर वेळी डिस्क सुरू करणं म्हणजे डेटा वाचणाऱ्या हेडने तबकडीचा पृष्ठभाग आणखी खरवडण्याला वाव देणं. डेटा मोलाचा असेल तर स्वच्छ खोलीत डिस्क उघडणाऱ्या प्रयोगशाळेकडेच जायला हवं. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजूनही फिरताना दिसतो. बाहेर काढल्यावर तबकड्यांवर दव जमतं आणि त्या ओल्या तबकड्यांवरून हेड धावतं. वाचण्याजोगा डेटासुद्धा यात कायमचा जातो.

डिस्कच्या आत नेमकं काय घडतं

हार्ड डिस्क डेटा सेक्टरमध्ये साठवते. पूर्वी सेक्टर ५१२ बाइटचा असे. २०११ च्या आसपास उत्पादक ४०९६ बाइटच्या सेक्टरकडे वळले, पण जुन्या सॉफ्टवेअरची अडचण होऊ नये म्हणून बहुतेक डिस्क बाहेरच्या जगाला अजूनही ५१२ चेच सेक्टर दाखवतात. म्हणजे आतला एक खरा सेक्टर बाहेरून आठ दिसतो. खराब सेक्टरची संख्या अचानक शून्यावरून आठ झाली तर आठ जागा बिघडल्या असं नव्हे, बहुधा एकच बिघडली आहे.

प्रत्येक सेक्टरसोबत चुका दुरुस्त करणारा जास्तीचा संकेत लिहिलेला असतो. तबकडीवरून येणारा सिग्नल कधीच शंभर टक्के स्वच्छ नसतो. लहानसहान चुका डिस्क या जास्तीच्या संकेताच्या आधारे सतत, आपल्याला न कळता, दुरुस्त करत असते. चूक त्या संकेताच्या ताकदीबाहेर गेली की डिस्क तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचून पाहते, हेड किंचित इकडे-तिकडे सरकवून पाहते. संगणक गोठतो तो नेमका या वेळात. लिनक्स एका आज्ञेसाठी सहसा ३० सेकंद थांबतं. घरगुती वापराच्या डिस्क याहून जास्त वेळ झगडत राहू शकतात.

शेवटी हार मानल्यावर डिस्क ऑपरेटिंग सिस्टीमला त्रुटी कळवते आणि तो सेक्टर 'प्रलंबित' म्हणून स्वतःच्या नोंदीत टाकते. हा टप्पा नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. डिस्ककडे राखीव सेक्टर असतात, तरी ती खराब सेक्टर लगेच बदलत नाही. बदलला तर जुना मजकूर गुपचूप हरवला असं होईल, आणि तो मजकूर काय होता हे डिस्कला माहीत नाही. म्हणून ती वाट पाहते. पुढे कधी तो सेक्टर नशिबाने वाचला गेला, किंवा कुणी त्यावर नवीन मजकूर लिहिला, तरच निर्णय होतो. नवीन मजकूर लिहिल्यावर तो नीट बसला तर डिस्क सेक्टरवरचा संशय मागे घेते. बसला नाही तर त्या पत्त्यावर राखीव सेक्टर जोडून देते, आणि ऑपरेटिंग सिस्टीमला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता चेकडिस्ककडे वळू. स्लॅश आरने चालवल्यावर तिला न वाचता येणारा क्लस्टर, म्हणजे फाइल ठेवण्यासाठी एकत्र धरलेला सेक्टरचा गट, सापडतो. ती तो क्लस्टर एनटीएफएसच्या, म्हणजे विंडोजच्या फाइल सिस्टीमच्या, खराब क्लस्टरच्या यादीत टाकते आणि फाइलला दुसरी जागा देते. त्या जागेवर यापुढे कुणीही लिहिणार नाही. डिस्क मात्र कुणीतरी लिहील म्हणून वाटच पाहत बसते. प्रलंबित संख्या त्यामुळे शून्यावर येत नाही, आरोग्य दाखवणारं सॉफ्टवेअर पिवळा इशारा दाखवतच राहतं, आणि माणूस पुन्हा चेकडिस्क चालवतो. दोन वेगवेगळ्या माणसांनी दोन वह्यांत एकच हिशेब ठेवावा आणि एकमेकांची वही कधीच पाहू नये, तशी ही गत आहे.

कारखान्यातून येताना प्रत्येक डिस्कवर काही दोष असतातच. त्यांची मूळ यादी फर्मवेअरमध्ये, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, असते, वापरादरम्यान सापडणाऱ्या दोषांची यादी वेगळी वाढत जाते. १९८० च्या दशकातल्या अनेक डिस्कवर ही मूळ यादी चक्क छापील चिठ्ठीच्या रूपात चिकटवलेली असे, आणि ती फॉरमॅट करताना हाताने भरावी लागे. एखादा खराब सेक्टर निघणं म्हणजे लगेच डिस्क संपली असं नाही, हे यावरून लक्षात यावं. प्रश्न तो वाढतो आहे का, हा आहे.

स्मार्टचे आकडे वाचताना

डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या नोंदी स्मार्ट या यंत्रणेत ठेवते. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, लिनक्सवर स्मार्टसीटीएल. जीस्मार्टकंट्रोल दोन्हीकडे चालतं आणि आज्ञा टाइप करायची सवय नसलेल्यांना सोपं पडतं. यूएसबी डब्यातली डिस्क दिसत नसेल तर स्मार्टसीटीएलला डॅश डी सॅट हा पर्याय देऊन पाहा.

यादीत वीस-पंचवीस ओळी असतात. या कामासाठी पाहायच्या त्या थोड्याच. क्रमांक ५ म्हणजे बदललेले सेक्टर. हा आकडा फक्त वाढतो, कमी होत नाही. क्रमांक १९७ म्हणजे प्रलंबित सेक्टर. हा कमी होऊ शकतो. क्रमांक १९८ म्हणजे डिस्कने स्वतःहून तपासताना न वाचता आलेले सेक्टर. क्रमांक १८७ म्हणजे संगणकाला कळवलेल्या न सुटलेल्या चुका. आणि क्रमांक १९९. हा तबकडीविषयी काही सांगत नाही, केबलविषयी सांगतो. त्याकडे पुढे येतो.

या सगळ्यांचे कच्चे आकडे पाहा, बाजूचे १०० किंवा २०० असे घोटीव आकडे नव्हेत. क्रिस्टलडिस्कइन्फो कच्चे आकडे मुळात षोडशमान पद्धतीत दाखवतं, त्यामुळे तिथे १० दिसलं तर ते १६ असतं. सेटिंगमध्ये दशमान निवडून घ्या. सीगेटच्या डिस्कवर क्रमांक १ आणि ७ समोर करोडोंचे आकडे दिसतात आणि लोक हादरतात. त्या आकड्यात एकूण वाचनांची मोजणी आणि चुकांची मोजणी एकत्र बांधलेली असते, म्हणून तो एवढा मोठा दिसतो. नुसत्या त्या आकाराने घाबरायचं कारण नाही.

सगळ्यात वर 'पास' असं हिरवं लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नका. उत्पादकाने ठरवलेली मर्यादा ओलांडल्यावरच ते नापास दाखवतं, आणि ती मर्यादा बरीच उदार असते. शेकडो प्रलंबित सेक्टर असलेली डिस्क 'पास' दाखवू शकते.

२००७ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी स्वतःच्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक आढळल्यापासून ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता, अशी चूक न आढळलेल्या डिस्कच्या तुलनेत, ३९ पट जास्त होती. पहिल्यांदा सेक्टर बदलला गेल्यानंतर ती १४ पट होती. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली: बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कमध्ये स्मार्टच्या सर्वांत बलवान चार इशाऱ्यांपैकी एकही दिसला नव्हता. म्हणजे स्मार्ट ओरडला तर ऐकायचं, पण तो गप्प आहे म्हणून बॅकअप सोडायचा नाही.

आजच्या तारखेचे हे पाच आकडे कुठेतरी लिहून ठेवा. पुढचा सगळा निर्णय यांच्या हालचालीवर होणार आहे.

दोष खरंच डिस्कचाच आहे का

क्रमांक १९९ वाढत असेल, तर डेटा डिस्क आणि मदरबोर्ड यांच्या मधल्या वाटेवर बिघडतो आहे. साटा केबल बदला, दुसऱ्या पोर्टमध्ये लावा, आणि आकडा थांबतो का पाहा. हा आकडा शून्य होत नाही, म्हणून 'केबल बदलली तरी १९९ तसाच आहे' याचा अर्थ उपाय फसला असा नाही. वाढणं थांबलं की काम झालं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीम नोंदींत डिस्क या नावाखाली क्रमांक ७ ची घटना खराब ब्लॉकची असते. क्रमांक ११ किंवा १२९ वारंवार येत असेल तर कंट्रोलर, केबल किंवा वीजपुरवठ्याकडे आधी पाहा.

वीज हे दुर्लक्षित कारण आहे. सेक्टर लिहीत असताना वीज तुटली तर मजकूर आणि त्याचा दुरुस्ती-संकेत यांचा मेळ बसत नाही. तबकडी धडधाकट असूनही तो सेक्टर वाचता येत नाही. यूएसबीवर चालणाऱ्या छोट्या डिस्कमध्ये हे बरंच घडतं: लांब किंवा पातळ केबल, वीज न देणारा हब, न काढता ओढलेली डिस्क. डेस्कटॉपमध्ये जुना पॉवर सप्लाय असाच वागतो, आणि मग एकाच संगणकात लागोपाठ दोन डिस्कना खराब सेक्टर येतात. तसं होत असेल तर तिसरी डिस्क घेण्याआधी पॉवर सप्लाय बदला.

लांब चाचणी आणि खराब जागेचा पत्ता

डेटा सुरक्षित झाला, केबल आणि वीज तपासली, आता डिस्कला स्वतःची तपासणी करू द्या. स्मार्टसीटीएलला डॅश टी लाँग देऊन विस्तारित चाचणी सुरू होते. ती डिस्कच्या आतच चालते, मोठ्या डिस्कवर कित्येक तास घेते, आणि अंदाजे किती वेळ लागेल हे सुरुवातीलाच सांगते. यूएसबी डब्यातली डिस्क काही न घडल्यास झोपी जाते आणि चाचणी तुटते, म्हणून झोपेची सेटिंग आधी बंद करा. चाचणीत वाचनाची चूक निघाली तर ती सहसा तिथेच थांबते आणि पहिल्या खराब सेक्टरचा क्रमांक देते. तो पहिला आहे, एकमेव असेलच असं नाही.

त्या क्रमांकावर कुठली फाइल आहे हे शोधता येतं. समजा पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होतं आणि खराब सेक्टर ८०२०४८ आहे. वजाबाकी ८०००००. क्लस्टर ४०९६ बाइटचा असेल तर आठाने भागायचं, क्लस्टर क्रमांक १०००००. विंडोजवर एफएसयूटिल या आज्ञेतला व्हॉल्यूम क्वेरीक्लस्टर हा भाग त्या क्लस्टरवरची फाइल सांगतो. लिनक्सच्या ईएक्सटी फाइल सिस्टीमवर डीबगएफएसमध्ये आधी आयचेक आणि मग एनचेक. ती फाइल बॅकअपमध्ये असेल किंवा ती जागा रिकामीच असेल, तर हायसं वाटतं. एवढ्यासाठीही हा खटाटोप करण्यासारखा आहे, कारण नेमकं काय गेलं हे कळतं.

खरा उपाय: त्या जागेवर लिहिणं

प्रलंबित सेक्टर लिहिल्यावरच निकाली निघतो. एकदोनच जागा असतील तर लिनक्सवर फक्त तेवढ्यावर शून्य लिहिता येतात. इथे बरेच जण अडखळतात. एचडीपार्म या साधनाने ५१२ बाइटचा एक सेक्टर लिहायला गेलं की नव्या डिस्कवर ते अनेकदा नापास होतं, कारण डिस्कला उरलेले ३५८४ बाइट आधी वाचून मग पूर्ण ४०९६ लिहावे लागतात, आणि तेच तर तिला वाचता येत नाहीत. डीडी या साधनाने ४०९६ चा ब्लॉक आकार, चाचणीने दिलेला सेक्टर क्रमांक आठाने भागून (वर काढलेला क्लस्टर क्रमांक नव्हे) आणि कॅश टाळणारा डायरेक्ट पर्याय देऊन आठही एकदम लिहा. क्रमांकात एक आकडा चुकला तर भलत्याच फाइलचा नाश होतो, म्हणून डेटा दुसरीकडे असल्याशिवाय हे करू नये.

माझा सल्ला विचाराल तर, डेटा बाहेर काढलेलाच असताना पूर्ण डिस्कवर एकदा शून्य लिहून टाका. विंडोजमध्ये डिस्कपार्टमधला क्लीन ऑल हे करतो. पूर्ण फॉरमॅटही व्हिस्टापासून शून्य लिहितं, पण फक्त त्या पार्टिशनवर. क्विक फॉरमॅटने काहीच होत नाही, ते केवळ नवी अनुक्रमणिका मांडतं. लिनक्सवर बॅडब्लॉक्सला डॅश डब्ल्यू दिला की तो वेगवेगळे चार नमुने लिहून परत वाचतो. त्याला वेळ फार लागतो, पण परीक्षा कडक होते. हे तिन्ही डिस्कवरचं सगळं पुसतात, तेव्हा आधी डिस्कचा क्रमांक दोनदा पाहा.

लिहून झाल्यावर पुन्हा लांब चाचणी चालवा आणि लिहून ठेवलेल्या आकड्यांशी ताळा करा.

१९७ शून्य झाला आणि ५ जसाच्या तसा राहिला, तर तबकडी ठीक आहे, मजकूरच विस्कटला होता. वीज किंवा केबलचं कारण सापडलं असेल तर ही डिस्क निर्धास्त वापरा. १९७ शून्य झाला पण ५ थोडा वाढला, तर खरे दोष होते आणि ते बदलले गेले. अशी डिस्क मी एकमेव प्रतीसाठी कधीच ठेवणार नाही. दुसरी किंवा तिसरी प्रत ठेवायला चालेल, दर आठवड्याला आकडे पाहत राहायचं या अटीवर. आणि दुसऱ्या चाचणीत नवे प्रलंबित सेक्टर निघाले, किंवा ५ वाढतच राहिला, तर ती डिस्क कामातून काढा. वाढ किती लहान आहे यावर घासाघीस करू नका. स्थिर असलेले पन्नास बदललेले सेक्टर मला आठवड्याला दोनने वाढणाऱ्या सहा सेक्टरपेक्षा कमी चिंतेचे वाटतात.

अशा वाढीमागे सहसा दोनपैकी एक गोष्ट असते. चुका डिस्कभर साधारण सारख्या अंतराने विखुरल्या असतील, तर एखादं हेड दुबळं झालेलं असतं, कारण डेटा सगळ्या पृष्ठभागांवर आळीपाळीने मांडलेला असतो. चुका एकाच पट्ट्यात दाटल्या असतील, तर तिथे ओरखडा आहे. तेवढा पट्टा वगळून पार्टिशन पाडण्याची युक्ती सांगितली जाते. मी ती सुचवत नाही. ओरखड्यातून सुटलेले कण डब्यात फिरत राहतात, आणि हेड त्या तबकडीच्या जेमतेम काही नॅनोमीटर वरून जात असतं. आज वगळलेल्या पट्ट्याची हद्द उद्या पुढे सरकलेली असते.

नव्या डिस्कवर जुनी खूण

जुनी डिस्क बदलून क्लोन केल्यावरही चेकडिस्क खराब सेक्टर दाखवते, असं काहींच्या बाबतीत घडतं आणि नवी डिस्कही वाईट निघाली असं वाटतं. खराब क्लस्टरची यादी हा एनटीएफएसचाच भाग आहे. क्लोनसोबत ती नव्या डिस्कवर जशीच्या तशी येते, जरी तिथल्या जागा उत्तम असल्या तरी. आधी नव्या डिस्कचे ५ आणि १९७ पाहा. ते शून्य असतील तर चेकडिस्कला स्लॅश बी द्या. हा पर्याय जुनी यादी मोडून प्रत्येक जागा नव्याने तपासतो. लिनक्सवर ईएक्सटीसाठी ईटूएफएससीकेला डॅश सी दिल्यावर यादी नव्याने मांडली जाते.

रेड किंवा नॅसमध्ये असाल तर

रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून चालवणारी रचना, आणि नॅस म्हणजे नेटवर्कवर डेटा ठेवणारा डिस्कचा डबा. इथे जास्त नुकसान करतात त्या न वाचलेल्या जागा. वर्षानुवर्षं कुणी न उघडलेल्या फाइलखाली प्रलंबित सेक्टर दडून राहतो, आणि दुसरी डिस्क बदलून रीबिल्ड, म्हणजे तिच्यावर डेटा पुन्हा उभा करणं, चालू असताना, म्हणजे सगळ्यात वाईट वेळी, तो समोर येतो. म्हणून महिन्यातून एकदा संपूर्ण वाचन, ज्याला स्क्रब म्हणतात, ठरवून लावा. न वाचलेला भाग दुसऱ्या डिस्कवरून बांधून तिथेच पुन्हा लिहिला जातो, आणि त्या लिहिण्याने सेक्टर निकाली निघतो. वर सांगितलेला उपाय आपोआप होतो. मात्र घरगुती डिस्क वाचण्यासाठी फार वेळ झगडली तर रेड तिलाच बाद ठरवतं. डिस्क मान्य करत असेल तर स्मार्टसीटीएलच्या एससीटी ईआरसी या सेटिंगने झगडण्याची मुदत सात सेकंदांवर आणा. बऱ्याच डिस्क वीज गेल्यावर हे विसरतात, म्हणून प्रत्येक बूटला ती आज्ञा पुन्हा जायला हवी.

एसएसडीला यातली शून्य लिहिण्याची पद्धत लावू नका. तिथे पत्ता आणि प्रत्यक्ष जागा यांचं नातं सतत बदलतं, आणि पूर्ण लिहिण्याने फक्त झीज होते. एनव्हीएमई प्रकारची एसएसडी असेल तर शिल्लक राखीव जागेचा टक्का आणि मीडिया चुकांचा आकडा पाहा. चुका वाढत असतील तर डेटा काढा आणि बदला.

डिस्क हातावेगळी करताना

वॉरंटीत परत पाठवायची किंवा कुणाला द्यायची असेल तर पुसण्याबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवा. बदललेल्या सेक्टरची मूळ जागा आता कुठल्याही पत्त्याला जोडलेली नसते, त्यामुळे शून्य लिहिताना ती चुकते आणि तिथला जुना मजकूर तबकडीवर तसाच राहू शकतो. एटीए सिक्युअर इरेज या डिस्कच्या अंगभूत पुसण्याच्या आज्ञेचा एन्हान्स्ड प्रकार या बाद झालेल्या जागांवरही लिहितो, डिस्क तो मान्य करत असेल तर तोच वापरा. डिस्क इतकी खचली असेल की पुसणं पुरं होत नाही, तर ती परत पाठवण्यापेक्षा तबकड्या फोडणं मी पसंत करेन, वॉरंटीवर पाणी सोडावं लागलं तरी. आणि तिच्या जागी येणाऱ्या डिस्कवर पहिली फाइल ठेवण्याआधी लांब चाचणी करा, पाचही आकडे तारखेसह लिहून ठेवा आणि पूर्ण एन्क्रिप्शन सुरू करा, म्हणजे ती बिघडेल त्या दिवशी पुसण्याची काळजी उरणार नाही.